विश्लेषण : एकाच सर्व्हरमध्ये वेगळ्या चुली कधी मांडाव्यात?

कंपनीचा एकच मोठा सर्व्हर. त्यावरच ऑर्डर, हिशोब, पगार आणि नव्या प्रोग्रॅमची चाचणीही. महिनाअखेर आली की सगळेच मंदावते आणि बैठकीत प्रश्न निघतो : दुसरे यंत्र घ्यायचे, की आहे त्याच यंत्राचे ‘तार्किक विभाग’ पाडायचे? व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरची बदललेली परवाना पद्धत आणि डेटा संरक्षणाचे नवे नियम यांमुळे एरवी संगणक विभागापुरता राहणारा हा प्रश्न आता पैशाचा आणि जबाबदारीचा झाला आहे. सर्व्हरची वाटणी नेमकी कधी करावी, कधी करू नये आणि त्यातून काय साधत नाही, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच ऐरणीवर का?

त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण परवान्यांचे. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्यासाठी जगभरच्या कंपन्या व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर वापरत आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरचा ताबा घेतला आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत लागू केली. एकदाच पैसे भरून वर्षानुवर्षे वापरण्याचा पर्याय गेल्याने अनेक कंपन्यांना आपल्या सर्व्हरचा हिशोब नव्याने मांडावा लागला.

दुसरे कारण कायद्याचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. ग्राहकांचा डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चाचणीसाठी म्हणून खऱ्या ग्राहकांच्या नोंदी त्याच यंत्रावर उघड्या ठेवण्याची सवय आता महागात पडू शकते.

तिसरे कारण यंत्रांचे. २०२५ मध्ये आयबीएमने झेड१७ हा मेनफ्रेम आणि पॉवर११ ही सर्व्हरची नवी पिढी बाजारात आणली. जुने यंत्र बदलताना नव्या यंत्रात बहुधा जास्त ताकद मिळते. शिल्लक ताकद दिसली की तिचे भाग पाडण्याचा मोह होतो. निर्णय नेमका इथेच चुकतो.

तार्किक विभाग म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतील लॉजिकल पार्टिशन या शब्दाचे ‘एलपार’ हे लघुरूप या क्षेत्रात रूढ आहे. एकाच यंत्रातील प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांची वाटणी करून प्रत्येक वाट्यावर स्वतंत्र कार्यप्रणाली चालवणे, असा त्याचा सरळ अर्थ. प्रत्येक विभागाचे घड्याळ वेगळे, वापरकर्त्यांची यादी वेगळी, पासवर्ड वेगळे, बंद-चालू करण्याची वेळही वेगळी. एका विभागातील कार्यप्रणाली कोसळली तरी शेजारच्या विभागातील माणसाला त्याचा पत्ता लागू नये, अशी ही रचना असते.

ही वाटणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. आयबीएमच्या पॉवर आणि मेनफ्रेम यंत्रांत ते यंत्राच्या फर्मवेअरमध्येच असते. साध्या सर्व्हरवर मात्र ते बहुतेक वेळा वेगळे विकत घेऊन बसवावे लागते. कोणत्या विभागाला किती वाटा द्यायचा, हे पॉवर यंत्रांवर सहसा हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल नावाच्या वेगळ्या यंत्रणेतून ठरवले जाते.

वाड्यात दोन भावांनी चुली वेगळ्या केल्या तर स्वयंपाकाच्या वेळा आणि किराण्याचा हिशोब वेगळा होतो; पण छप्पर, जोते आणि विजेची मुख्य तार एकच राहते. तार्किक विभागांचे नेमके हेच आहे. त्यांचा फायदा आणि त्यांची मर्यादा, दोन्ही याच एका गोष्टीतून येतात.

ही कल्पना आली कुठून?

एका महागड्या यंत्रावर अनेकांना आपापले स्वतंत्र यंत्र असल्याचा अनुभव द्यायचा, ही कल्पना १९६० च्या दशकातील आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. १९८८ मध्ये ‘पीआर/एसएम’ या सोयीने मेनफ्रेमचे विभाग थेट यंत्राच्याच पातळीवर पाडता येऊ लागले. त्याच वर्षी मध्यम आकाराच्या व्यवसायांसाठी एएस/४०० हा सर्व्हर आला. त्यावर तार्किक विभागांची सोय १९९९ मध्ये मिळाली. एएस/४०० चे नाव पुढे अनेकदा बदलले. त्याची कार्यप्रणाली आज ‘आयबीएम आय’ नावाने पॉवर सर्व्हरवर चालते आणि कारखाने, वितरक, विमा कंपन्या, बँका तिचा वापर करतात.

सुरुवातीला अख्खा प्रोसेसर एका विभागाला द्यावा लागे. २००४ च्या पॉवर५ पिढीत प्रोसेसरच्या दहाव्या हिश्शावरही विभाग उभा करता येऊ लागला. नंतर हे प्रमाण विसाव्या हिश्शापर्यंत खाली आले. एका झेड१६ मेनफ्रेमचे ८५ विभाग पाडता येतात. मोठ्या पॉवर यंत्रावर ही मर्यादा एक हजारापर्यंत जाते. म्हणजे किती भाग पाडता येतात, हा प्रश्न तंत्रज्ञानाने कधीच सोडवला आहे. किती पाडावेत, हा प्रश्न मात्र प्रत्येक कंपनीला स्वतःच सोडवावा लागतो.

वाटणी प्रत्यक्षात कशी होते?

समजा, एका यंत्रात ८ कोअर आणि २५६ जीबी मेमरी आहे. दिवसा ऑर्डरच्या कामाला गर्दीच्या वेळी ५ कोअर लागतात, रात्री हिशोब आणि पगाराला ४ आणि चाचणीला १. प्रत्येकाला राखीव कोअर द्यायचे ठरवले तर बेरीज १० होते. यंत्र अपुरे पडते आणि तरीही दिवसा हिशोबाचे, रात्री ऑर्डरचे कोअर रिकामे बसतात.

यावर सामायिक साठ्याचा उपाय असतो. ऑर्डरला ४, हिशोबाला २ आणि चाचणीला अर्धा कोअर एवढी हमी द्यायची. साडेसहा झाले. उरलेला दीड कोअर आणि ज्याची हमी त्या क्षणी वापरात नाही तो वाटा गरजवंताला मिळू द्यायचा. असा हमीच्या पुढे जाऊ शकणारा विभाग ‘अनकॅप्ड’, म्हणजे खुला. हमीपाशीच थांबणारा ‘कॅप्ड’, म्हणजे बांधलेला. एकाच वेळी दोघांनी हात पुढे केला तर कोणाला झुकते माप द्यायचे, हे ० ते २५५ या दरम्यानच्या वजनाने ठरते. खुल्या विभागालाही एक मर्यादा असते : त्याला जितके आभासी प्रोसेसर नेमून दिले, त्यापलीकडे तो जाऊ शकत नाही. ऑर्डरच्या विभागाला आभासी प्रोसेसर चारच दिले, तर शेजारी कोअर रिकामे असूनही गर्दीच्या वेळचा पाचवा त्याला मिळणार नाही.

मेमरीचे तसे नाही. प्रोसेसर क्षणाक्षणाला या हातातून त्या हातात जातो. मेमरी सहसा ज्याला दिली त्याच्याकडेच राहते. चालू यंत्रावर ती हलवता येते, पण तो विचारपूर्वक करायचा फेरबदल असतो. वरच्या उदाहरणात १२८, ६४ आणि ३२ जीबी दिले की २२४ झाले. हायपरवायझर स्वतःसाठीही काही मेमरी घेतो. उरते ते थोडेच. वाटणीचे बेत कागदावर प्रोसेसरमुळे जमतात आणि प्रत्यक्षात मेमरीपाशी अडतात, ते यामुळे.

भाग पाडण्याची वेळ आली, हे कसे ओळखावे?

यंत्रात जागा शिल्लक आहे, हे भाग पाडण्याचे कारण होऊ शकत नाही. एकत्र राहिल्याने एका कामाचे दुसऱ्याला नुकसान होते आणि ते दुसऱ्या कोणत्याही उपायाने टळत नाही, तेव्हाच भिंत घालण्यात अर्थ असतो. असे प्रसंग मुख्यतः चार.

पहिला, यंत्र बंद ठेवण्याच्या वेळा जुळत नाहीत तेव्हा. आयबीएम आय प्रणालीवर संपूर्ण यंत्राचा बॅकअप घ्यायचा तर ती ‘मर्यादित अवस्थे’त न्यावी लागते. सगळी कामे थांबवून, सर्व वापरकर्त्यांना बाहेर काढूनच हा बॅकअप होतो. आता एकाच यंत्रावर न्यू जर्सी आणि मुंबई या दोन्ही ठिकाणचे कामकाज आहे, असे समजू. न्यू जर्सीत मध्यरात्र झाली की उन्हाळ्यात मुंबईत सकाळचे साडेनऊ वाजतात आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकडची शांत वेळ ती इकडची गर्दीची. दोघांनाही सोयीची रात्र मिळतच नाही. पुण्या-मुंबईत बसून परदेशी ग्राहकांची अशी यंत्रे सांभाळणाऱ्यांना हा पेच चांगलाच परिचयाचा आहे. इथे दोन विभाग आणि दोन स्वतंत्र रात्री, हाच सरळ मार्ग.

दुसरा, कार्यप्रणालीच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी लागतात तेव्हा. एखादे जुने पॅकेज नव्या आवृत्तीवर चालेल याची हमी विक्रेता देत नाही आणि दुसऱ्या कामाला तर नवी आवृत्तीच हवी असते. आयबीएम आयच्या ७.३ या आवृत्तीचा नियमित आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ७.६ ही आवृत्ती पॉवर१० आणि त्यापुढच्या यंत्रांवरच चालते. अशा स्थित्यंतरात नवी आवृत्ती आधी वेगळ्या विभागात चालवून पाहणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा, कोणाच्या हातात किल्ल्या आहेत हे वेगळे ठेवायचे असते तेव्हा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चाचणीच्या जागी मोकळीक हवी. चालू व्यवहाराच्या जागी मात्र त्याचा हात पोहोचता कामा नये. रिझर्व्ह बँकेच्या जून २०१६ च्या सायबर सुरक्षा चौकटीत विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष व्यवहार यांची वातावरणे वेगळी ठेवण्याची अपेक्षा नोंदवलेली आहे. कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्यांसाठी असलेल्या ‘पीसीआय डीएसएस’ या मानकातही हीच अट आहे. कार्डांचे खरे क्रमांक उघड्या चाचणी वातावरणात वापरायलाही त्यात मनाई आहे.

चौथा, दोन मालक असतात तेव्हा. एका समूहातील दोन कंपन्या किंवा एका सेवा पुरवठादाराचे दोन ग्राहक एकाच यंत्रावर असतील, तर एकाच्या लेखापरीक्षकाला दुसऱ्याच्या नोंदी दिसता कामा नयेत. उद्या एक कंपनी विकली गेली तर तिचा भाग उचलून दुसरीकडे नेता आला पाहिजे. पॉवर यंत्रांवर २००७ पासून चालू विभाग एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी डिस्क बाहेरच्या सामायिक साठ्यावर असणे आणि सगळी जोडणी आभासी असणे गरजेचे असते. म्हणजे ही तयारी विभाग उभा करतानाच करावी लागते.

मग भाग कधी पाडू नयेत?

‘यंत्र हळू चालते’ ही तक्रार एवढेच कारण असेल तर. हळू चालणारी क्वेरी भाग पाडल्याने वेगवान होत नाही. उलट तिच्या वाट्याला आधीपेक्षा कमी प्रोसेसर आणि कमी मेमरी येते. चुकीचा किंवा नसलेला इंडेक्स, रात्रीचे काम दिवसा सुरू होणे, एकाच वेळी दहा अहवाल काढले जाणे, ही मंदपणाची नेहमीची कारणे आहेत आणि त्यांचा इलाज वेगळा आहे. आयबीएम आयमध्ये कामांना वेगवेगळ्या उपप्रणाली आणि मेमरीचे वेगळे साठे नेमून देता येतात. एखाद्या कामाने किती कोअर वापरावेत, यावरही बंधन घालता येते. मेनफ्रेमवर कामांचा अग्रक्रम ठरवणारी स्वतंत्र यंत्रणाच आहे. पडद्याने भागत असेल तिथे भिंत घालू नये.

दुसरे म्हणजे, माणसे तेवढीच असतील तर. प्रत्येक विभागाला स्वतःची कार्यप्रणाली असते, म्हणजेच स्वतःचे दुरुस्ती-पॅच, स्वतःचा बॅकअप, स्वतःचे वापरकर्ते, स्वतःच्या नोंदी आणि स्वतःची देखरेख. तीन विभाग म्हणजे ही सगळी कामे तिप्पट. संगणक विभागात एकच माणूस असलेल्या कारखान्यात चौथा विभाग बहुधा दुर्लक्षितच राहतो. पॅच न लावलेला, जुने पासवर्ड तसेच ठेवलेला चाचणी विभाग हा घुसखोराचा सोपा दरवाजा होतो. सुरक्षेसाठी घातलेली भिंत मग धोक्याचेच कारण बनते.

तिसरे, दोन कामे सतत एकमेकांचाच डेटा वाचत असतील तर. ऑर्डर आणि साठा हे दर मिनिटाला एकमेकांना विचारत असतात. त्यांच्यामध्ये भिंत घातली की जे काम आधी एका डेटाबेसमध्ये होत होते ते नेटवर्कवरून करावे लागते. वेग घटतो आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळत्या ठेवण्याचे नवे काम मागे लागते.

परवान्याचे गणित कुठे चुकते?

यंत्र विकत घेताना बहुतेक वेळा हार्डवेअरच्या किमतीवर घासाघीस होते. पण पुढची अनेक वर्षे खर्च वाढवत राहतो तो सॉफ्टवेअरचा परवाना. व्यवसायाची अनेक सॉफ्टवेअर कोअरच्या संख्येवर विकली जातात. त्यामुळे महागडे डेटाबेस सॉफ्टवेअर आठ कोअरच्या अख्ख्या यंत्राऐवजी दोन कोअरच्या विभागात ठेवले तर परवान्याचा खर्च चौथाईवर येऊ शकतो. अनेक ठिकाणी भाग पाडण्याचे खरे आर्थिक कारण हेच असते.

मात्र प्रत्येक विक्रेता प्रत्येक भिंत मान्य करत नाही. ऑरॅकलच्या धोरणपत्रकात ‘कठीण’ आणि ‘मऊ’ विभागणी असा भेद केलेला आहे. आयबीएमचे एलपार त्यात कठीण विभागणीत मोडतात, पण प्रोसेसरचे अंश वापरणारे विभाग ‘बांधलेले’ असतील तरच. व्हीएमवेअरची विभागणी मऊ धरली जाते आणि तिच्या आधारे परवाने कमी करता येत नाहीत. शिवाय हे पत्रक कराराचा भाग नाही, असे त्यातच नमूद आहे. त्यामुळे स्वाक्षरी झालेल्या करारात काय लिहिले आहे, हेच शेवटी मोजले जाते.

इथे एक पेच उभा राहतो. वरच्या उदाहरणात सगळा फायदा विभाग खुले ठेवण्यात होता. परवाना वाचवायचा तर तोच विभाग बांधावा लागतो. म्हणजे तंत्रज्ञ ज्याला काटकसर म्हणतो ती परवान्याच्या तपासणीत उधळपट्टी ठरू शकते. संगणक विभाग आणि लेखा विभाग या निर्णयासाठी एकत्र बसले नाहीत तर हा पेच तपासणीची नोटीस आल्यावरच कळतो.

सुरक्षेची ही भिंत किती भक्कम?

बरीच भक्कम, पण अभेद्य नाही. मेनफ्रेमच्या विभागणीला आंतरराष्ट्रीय ‘कॉमन क्रायटेरिया’ मूल्यमापनात पाचव्या स्तराची मान्यता मिळत आली आहे. व्यावसायिक उत्पादनांसाठी ही वरची पायरी मानली जाते. तरीही जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाऊन’ हे प्रोसेसरच्या रचनेतील दोष उघड झाले तेव्हा पॉवर सर्व्हरलाही फर्मवेअर आणि कार्यप्रणाली, दोन्हींचे पॅच लावावे लागले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना प्रोसेसर एकच असतो, याची ती आठवण होती.

त्याहून मोठा धोका माणसाचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरील माहितीसाठा काढण्याच्या हेतूने आज्ञा दिली. ती चालली मात्र मुख्य सर्व्हरवर. सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या. बॅकअपच्या पाचही पद्धती त्या वेळी नीट चालत नव्हत्या, हे कंपनीने स्वतःच जाहीर केले. तिथे दोन सर्व्हर वेगळेच होते. पण किल्ल्या एकाच हातात होत्या आणि घाईच्या क्षणी दोन पडदे सारखेच दिसले. विभाग वेगळे केले पण दोन्हीकडे एकच सर्वाधिकारी खाते ठेवले, तर ही चूक कुठेही घडू शकते. म्हणूनच चालू व्यवहाराच्या पडद्याचा रंग वेगळा ठेवणे, तिथे दुसऱ्या माणसाच्या संमतीशिवाय विनाशक आज्ञा चालू न देणे, असे साधे उपाय भिंतीइतकेच महत्त्वाचे ठरतात. पॉवर यंत्रांवर कन्सोलचा ताबा ज्याच्याकडे, त्याच्याकडे सर्वच विभागांचा ताबा जातो, हेही विसरता येत नाही.

छप्पर एकच असण्याचा धोका काय?

तार्किक विभाग सॉफ्टवेअरच्या चुकीपासून शेजाऱ्याला वाचवतो. यंत्र, वीज, आग आणि पाणी यांपासून नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी संगणकप्रणाली बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’ या साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची बाहेर प्रतच नव्हती. प्रणाली वेगवेगळ्या होत्या. छप्पर एकच होते.

म्हणून मुख्य काम आणि त्याची आणीबाणीची प्रत एकाच यंत्राच्या दोन विभागांत ठेवणे, याला आपत्ती व्यवस्थापन म्हणता येत नाही. हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याचा नियम कंपन्यांना २०२२ पासून लागू आहे. ती प्रत त्याच यंत्राच्या शेजारच्या विभागात ठेवली, तर आगीत ती मूळ नोंदींसोबतच जाईल. यंत्राच्या आतही असे एकेरी दुवे असतात. पॉवर यंत्रांवर अनेक विभागांची डिस्क आणि नेटवर्क ‘व्हीआयओएस’ या एका मध्यस्थ विभागातून जाते. तो एकच असेल तर त्याच्या पॅचच्या दिवशी सगळेच विभाग थांबतात. म्हणून तो जोडीने ठेवण्याची पद्धत आहे.

सहकारी बँकांसाठी यात कोणता धडा?

महाराष्ट्रात नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांचे जाळे मोठे आहे आणि छोट्या बँका कोअर बँकिंगसाठी बऱ्याचदा बाहेरच्या सामायिक सेवेवर अवलंबून असतात. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवठादाराच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्यावर राष्ट्रीय भुगतान निगमने त्या कंपनीला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. देशातील सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

तो प्रश्न एलपारचा नव्हता. पण संकटात ‘कुठून तोडायचे’ याची रेघ किती जाड आहे, हे त्या दिवशी दिसले. सेवा पुरवठादाराच्या पातळीवरच तोडावे लागले आणि त्याच्या मागे असलेल्या सगळ्याच बँका बाहेर राहिल्या. ज्या बँकेचे संचालक आपली यंत्रणा बाहेरच्याकडे सोपवतात त्यांनी करारावर सही करताना तीन गोष्टी विचारायला हव्यात. आपला डेटा इतर बँकांच्या डेटापासून नेमका कुठे वेगळा होतो : तक्त्याच्या पातळीवर, डेटाबेसच्या, विभागाच्या, की यंत्राच्या? दुसऱ्या बँकेत बिघाड झाला तर आपल्याला चालू ठेवून फक्त तिला बाजूला काढता येते का? आणि हे प्रत्यक्ष करून पाहिल्याचा शेवटचा दिवस कोणता? त्या बँकेत पेन्शन जमा होणाऱ्या खातेदाराला एलपार हा शब्द माहीत नसतो. त्या दिवशी एटीएममधून पैसे निघतात की नाही, एवढेच त्याला कळते.

निर्णयाआधी काय मोजावे?

आधी किमान एक पूर्ण महिना मोजावा, शक्य झाल्यास त्यात तिमाहीअखेर यावी. प्रत्येक कामाला कोणत्या तासाला किती प्रोसेसर लागतो आणि दोन कामांचे कमाल वापराचे तास एकमेकांवर येतात का, हे पाहावे. तास वेगळे असतील तर सामायिक साठा फायद्याचा ठरतो. तेच असतील तर भाग पाडून काही मिळत नाही. मोठे किंवा दुसरे यंत्रच हवे. मेमरीची बेरीज हायपरवायझरचा वाटा धरून करावी. परवान्याचा खर्च खुला आणि बांधलेला अशा दोन्ही पद्धतींनी काढावा.

मग क्रम लावावा. चालू व्यवहार आणि चाचणी यांच्यातील भिंत ही जवळपास प्रत्येक ठिकाणी पहिली आणि सर्वांत उपयुक्त ठरते. त्यापुढची प्रत्येक भिंत वर सांगितलेल्या चार कारणांपैकी एक तरी दाखवूनच घालावी. घातलेली भिंत काढणे शक्य असते, पण दोन डेटाबेस, दोन वापरकर्ता याद्या आणि दोन बॅकअप पुन्हा एक करणे हे वेगळे करण्यापेक्षा जास्त कष्टाचे असते. घरच्या वाटणीलाही हेच लागू होते.

शेवटी सगळे एका कागदावर मावले पाहिजे. प्रत्येक प्रस्तावित विभागापुढे पाच रकाने : त्याचा मालक कोण, तो बंद ठेवण्याची वेळ कोणती, त्याला पॅच कोण लावणार, त्याचे परवाने किती कोअरचे आणि त्याचा बॅकअप कोणत्या इमारतीत. यातला एक जरी रकाना रिकामा राहत असेल, तर तो विभाग पाडण्याची वेळ अजून आलेली नाही.